पाण्याला सोडलेले दोन फूट

इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत ब्रेकचा आवाज झाला की माझा पाय शिलाई मशीनवर थांबतो. मग मी कान देऊन बसते, कोणी रडतंय का. गेल्या महिन्यात माझ्या सृष्टीच्या दप्तराला मोटारसायकलचा आरसा लागला. दप्तर फाटलं, पोरगी वाचली. चौथीत आहे ती. रोज सकाळी सातला कोपऱ्यावर, देवरामकाकांच्या कंपाउंडला टेकून शाळेच्या व्हॅनची वाट बघते. पलीकडे चारचाकी गाड्या लावलेल्या, उभं राहायला जागा नाही.

मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला सगळे आमच्या गल्लीत घुसतात. म्हणून रविवारी मंदिराच्या ओट्यावर मीटिंग झाली. गतिरोधक पाहिजे, यावर एका मिनिटात एकमत. घरटी आठशे रुपये, यावर अर्धा तास. आणि कोणाच्या गेटसमोर, म्हटल्यावर सगळे चपला शोधायला लागले. प्रत्येकाला गतिरोधक हवा होता, पण शेजाऱ्याच्या दारात.

"मोकळ्या प्लॉटसमोर घालू," अध्यक्ष दिनेश सर म्हणाले. "कोणाची तक्रार नको."

"वळण कोपऱ्यावर आहे, सर. पोरं तिथे उभी असतात," मी म्हणाले.

"ताई, तुम्ही भाडेकरू. अकरा महिन्यांनी तुम्ही जाल, गाड्यांची आदळआपट आम्ही ऐकायची," मागून कोणीतरी बोललं.

"माझी पोरगी अकरा महिने जिवंत राहू द्या, मग जाते."

शेवटी देवरामकाका बोलले. निवृत्त माणूस, कोपऱ्यावरचा बंगला त्यांचा.

"सुवर्णा, आवाज मी सोसेन. पण माझं घर उताराला आहे. रस्त्यात आडवा बांध घातला तर पावसाचं पाणी सरळ माझ्या पोर्चमध्ये. मागच्या वर्षी सोफा गेला."

"मग तुमच्या कडेला पाण्यापुरती जागा सोडू," मी पटकन बोलले. "दोन फूट."

"सोडणार असाल तर माझी ना नाही."

हात वर झाले. मी जिंकले होते. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

मंगळू मिस्त्रीनं काँक्रीटचा उंचवटा घातला, वर पिवळे पट्टे ओढले. वाळेपर्यंत गल्ली बंद होती. गुरुवारी उघडली. मी मुद्दाम सृष्टीबरोबर गेले.

पहिली कार आली, दबकली, हळूच पट्ट्यांवरून गेली. जीव भांड्यात पडला. मागून मोटारसायकल आली. चालवणाऱ्यानं पट्टे बघितले आणि हँडल कडेला वळवलं. वेग कमी न करता दोन फुटांतून, कंपाउंडला घासून. सृष्टी तिथेच टेकलेली. मी तिला कॉलर धरून ओढलं. तोवर दुसरी मोटारसायकल तिथूनच गेली.

आधी गाड्या निदान मधून जायच्या. त्यांना पोरांच्या अंगावरून वाट मी काढून दिली होती. माझ्याच तोंडानं, फूट सांगून.

उरलेल्या रेतीचं पोतं भिंतीशी पडलं होतं. ते मी फरफटत आणून त्या फटीत आडवं टाकलं.

काका बनियनवरच गेटशी आले. "काय चालवलंय? शब्द दिला होतास."

"चुकला माझा शब्द."

"आणि पाणी?"

"पोर्चमध्ये येईल. सोफा उन्हात वाळतो, काका."

"भाडेकरूंनी एवढं डोक्यावर बसू नये. मीटिंग बोलावतो मी."

"बोलवा. तोवर पोतं हलवलंत तर त्या जागी मशीन मांडून बसेन."

व्हॅन आली. सृष्टी चढली, काचेतून मागे बघत राहिली. पुढचा मोटारसायकलवाला पोत्याशी ऐनवेळी थांबला, मला शिवी देऊन पट्ट्यांवरून गेला.

काकांनी ते बघितलं. तरी वाकले आणि पोत्याचं टोक धरलं.

मी पोत्यावर पाय ठेवला.