तपासनिसांचं नाक

डॉक्टरांपासून गोळ्या लपवून तपासनिसांना काय मिळणार होतं? पैसा नाही, वेळही नाही. मिळणार होता तो एकच आनंद, समोरच्याला पकडल्याचा. उभा जन्म दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात गेला आणि निवृत्तीनंतर पकडायला उरले फक्त डॉक्टर.

तेही तीन. एक हृदयाचे, एक गुडघ्याचे. सहा महिन्यांपूर्वी नाकातून वरचेवर रक्त येऊ लागलं, तेव्हा नाकाच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्या. हे लोक आतून एकमेकांना सामील असतात, अशी तपासनिसांची पक्की समजूत. म्हणून एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही, गोळ्याही वेगवेगळ्या दुकानांतून आणायच्या. दुसरं काही औषध चालू आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर ते साफ नाही म्हणाले. बाहेर आल्यावर बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कानाशी लागले, खरी डॉक्टर असेल तर स्वतः ओळखेल.

दोनदा नाकातली शीर जाळून बंद केली, दोनदा रक्त परत आलं. मग संशय स्वयंपाकघराकडे वळला. तिखटाने उष्णता होते म्हणून तिखट बंद. दोन माणसांत दोन भाज्या कोण करणार? काकूही मुकाट्याने फिकं जेवू लागल्या.

एका सकाळी दाढी करताना रक्त सुरू झालं ते थांबेना. सवयीने त्यांनी मान मागे टाकली, रक्त गिळत राहिले, ओकले आणि मोरीतच मटकन बसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुढे वाकवून बसवलं, नाकाचा मऊ भाग बराच वेळ दाबून धरला, शेवटी नाकात पट्टी भरली आणि रक्ताची एक पिशवी चढवली. पुन्हा तोच प्रश्न. तपासनिसांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली.

काकूंनी हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. "घ्या, सगळ्या गोळ्या. यांची परीक्षा चालू द्या, मला नवरा हवाय."

हृदयाची गोळी रक्त गोठू देत नव्हती आणि गुडघ्याची वेदनाशामक तिला हातभार लावत होती. तपासनिसांनी लगेच निकाल दिला, हृदयाची आजपासून बंद.

"मुळीच नाही. ती मनाने सोडलीत तर गुठळी होऊन मेंदूत जाईल. हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलते, गुडघ्याची बदलू. काका, दुकानदाराने वजनंच लपवली असती तर काटा कसा तपासला असता?"

"झडती घेतली असती," ते नाकातून पुटपुटले.

"आज काकूंनी तेच केलं."

त्यांना हसू आलं, मग लाज. कागद मागून त्यांनी स्वतःच सगळी औषधं लिहिली, काकूंनाही ठाऊक नसलेल्या झोपेच्या गोळीसकट.

वाचकहो, डॉक्टर कुणीही असो, आपला आजार आणि आपली प्रत्येक गोळी त्याला न विचारता सांगावी. तो ज्योतिषी नाही. परीक्षा तपासनिसांनी घेतली, पण तिची फी भरली कुणी? रक्ताची एक पिशवी दिली कुणा अनोळखी माणसाने. आणि काकूंनी सहा महिने रक्ताचे अभ्रे धुतले, विनाकारण फिकं जेवल्या, त्याबद्दल त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.