डावीकडचा तबला

उल्काच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल होतं. संगणकाच्या पडद्यापासून ते अशा बेताने लांब ठेवलेलं, की माणसाला सगळं दिसावं पण बोट लावता येऊ नये. रज्जाक तांबोळी त्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. येरवड्यात तबल्याचा क्लास चालवणाऱ्या रज्जाकसरांना अख्खी आळी ओळखत होती, पण क्लासला नवी मुलं येईनाशी झाली होती. म्हणून एका संगीताच्या मासिकात जाहिरात द्यायचं ठरलं होतं आणि ती तयार करायला सर लग्नपत्रिका नि फ्लेक्स करणाऱ्या उल्काकडे आले होते.

पडद्यावर ओवीचा फोटो होता. क्लासमधली नऊ वर्षांची ओवी तबल्यावर ओणवी होऊन, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून वाजवत होती. सरांनीच आपल्या फोनवर काढलेला फोटो.

"पोरगी गोड आहे," उल्का म्हणाली. "पण मागे भिंतीवर गॅस एजन्सीचं कॅलेंडर. संगीताच्या मासिकात सिलिंडरची जाहिरात फुकट कशाला करायची?"

"काढता येईल?"

"सर, मी लग्नाच्या फोटोतून व्याही काढून दिलेत. कॅलेंडर काय घेऊन बसलात."

तिने माऊस फिरवला आणि कॅलेंडरातल्या तारखा एकेक करून भिंतीत विरून गेल्या. ओवीच्या शर्टावरची शाळेची अक्षरंही गेली. सर गंमत वाटून बघत राहिले. शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं काम बघताना प्रश्न पडतातच. "हे लेयर म्हणजे काय हो?"

"काचेवर काच ठेवावी तसं. एका काचेवर पोरगी, दुसरीवर अक्षरं. एक सरकवली तरी दुसरी जागची हलत नाही."

"वा!" सर म्हणाले. डग्गा आणि तबला असे वेगवेगळे ऐकायला मुलांना हे उदाहरण छान उपयोगी पडेल, असं त्यांच्या मनात आलं.

एवढ्यात उल्काने काहीतरी दाबलं आणि पडद्यावरची ओवी एका क्षणात फिरली. इकडचं तोंड तिकडे झालं.

"हे काय केलंत?"

"पोरगी पानाबाहेर बघत होती. जाहिरातीतल्या माणसाने मजकुराकडे बघावं, नाहीतर वाचणाराही तिच्या पाठोपाठ बाहेर जातो. आता बघा कशी बसली."

"पण तबला उजवीकडे गेला."

"मग? तबला उजवीकडेच असतो ना? एवढं मलाही कळतं."

"ओवीचा डावीकडे असतो," सर म्हणाले.

ओवी डावखुरी होती. आधीच्या एका क्लासात तिच्या डाव्या हाताला रुमाल बांधून तिला उजव्याने वाजवायला लावलं होतं. तिने वाजवणंच सोडलं, आणि हळूहळू बोलणंही. तिची आई ललिता तिला सरांकडे घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "सर, हिला सरळ करून द्या." सरांनी ओवीपुढे दोन चुंबळी ठेवल्या, तबला आणि डग्गा शेजारी ठेवले आणि सांगितलं, "तुझ्या हाताला जसं बरं वाटेल तसं मांड." पोरीने बराच वेळ आईकडे बघितलं. मग तबला उचलून डावीकडे ठेवला. सर तिच्यासमोर बसले. त्यांचा उजवा हात आणि तिचा डावा हात आरशातल्यासारखे समोरासमोर आले, आणि ज्या पोरीला कुठलाच बोल जमत नव्हता तिच्या बोटातून महिन्याभरात स्वच्छ 'ना' वाजला.

ललिताला मात्र ते कधी पटलं नाही. "स्टेजवर लोक हसतील," ती दारात उभी राहून म्हणायची. एकदा ओवीने विचारलं, "सर, खरंच हसतील?" तेव्हा सर म्हणून गेले, "तू वाजवतेस तस्साच तुझा फोटो मासिकात छापून आणतो. मग बघू कोण हसतं ते." त्या दिवसापासून रोज क्लासला आली की ओवी आधी विचारायची, "आलं का छापून?"

हे सगळं सरांनी उल्काला थोडक्यात सांगितलं. तिने फोटो पुन्हा होता तसा केला आणि मजकूर उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "घ्या. पोरगी तशीच, आणि बघतेय पण अक्षरांकडे. खाली लिहू का, 'डावखुऱ्या मुलांनाही शिकवले जाईल'?"

सरांनी जरा विचार केला. "नको. पाटी लावली की लोक पाटीच बघतात. एक मुलगी मजेत वाजवतेय, एवढंच दिसू दे."

मासिकवाल्यांनी लेयर सुटे ठेवून फाइल मागितली होती, जागा कमीजास्त झाली तर बदलता यावी म्हणून. उल्काने तशी पाठवून दिली.

पुढच्या महिन्यात मासिकाच्या दिगंबररावांचा फोन आला. दिगंबरराव म्हणजे तबल्यातले जाणकार, मासिकातली एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही अशी ख्याती.

"तांबोळीसाहेब, पेढे काढा. तुमची अब्रू वाचवली मी."

"काय झालं?"

"अहो, तुमच्या त्या डिझाइनवाल्या बाईंनी फोटो उलटा पाठवला होता! तबला डावीकडे! फोनवर स्वतःचा फोटो काढला की उलटा येतो ना, तसं. मी स्वतः आमच्या संगणकावरच्या मुलाशेजारी बसून सरळ करून घेतला. नाहीतर आपले पुणेकर वाचक! पत्रांनी पोतं भरलं असतं."

"दिगंबरराव, ती मुलगी डावखुरी आहे. तो फोटो बरोबर होता."

"मग खाली तसं लिहायचंत ना. आम्हाला काय स्वप्न पडणार?"

"अंक थांबवता येईल का?"

"काल टपालात पडला. आता पोस्टमनसमोर आडवं पडायचं असेल तर पडा."

"निदान पुढच्या अंकात दोन ओळी..."

"जाहिरातीची दुरुस्ती आम्ही छापत नाही. आणि छापायचं तरी काय? मुलगी उलट वाजवते, असं? शिवाय वाचणाऱ्याला त्याने काय फरक पडतो, सांगा."

वाचणाऱ्याला खरंच काही फरक पडत नव्हता. सरांनी फोन ठेवला. क्लासच्या भिंतीवर ते कॅलेंडर अजून होतं. ते फोटोत राहिलं असतं तर उलटे आकडे बघून दिगंबररावांचा हात थांबला असता. शर्टावरची अक्षरं राहिली असती तरी थांबला असता. पण खरं काय ते सांगणारी प्रत्येक गोष्ट आपण स्वतः शेजारी बसून, कौतुकाने बघत पुसून घेतली.

ते उल्काकडे गेले. तिने सगळं ऐकलं. मूळ फोटो, स्वच्छ केलेला, तबला डावीकडे असलेला, तिने जाड चकचकीत कागदावर मोठा छापून दिला. "पोरीला हा द्या. मासिकापेक्षा झकास आहे."

सर क्लासवर पोचले तेव्हा ललिता दारात उभी होती. तिच्या हातात मासिकाच्या तीन-चार प्रती होत्या. पोस्टमनची वाट न बघता ती अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून घेऊन आली होती.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? माझं म्हणणं शेवटी तुम्हाला पटलं. बघा, सरळ हाताने किती शोभतेय!"

"ताई, ते चुकून झालंय. मासिकवाल्यांनी फोटो फिरवला."

"असू दे हो," ललिता हसून म्हणाली. "चुकून का होईना, चांगलं झालं. आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय मी."

आत मुलं बसली होती. ओवी कोपऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या जागी होती. तबला उजवीकडे होता, डग्गा डावीकडे. ती उजव्या हाताने 'ना' वाजवायचा प्रयत्न करत होती आणि बोट काठावरून घसरून प्रत्येक वेळी नुसताच लाकडाचा आवाज येत होता.

सर तिच्यासमोर खाली बसले. "ओवी, हे काय? तुझा तबला कुठे असतो?"

"इथे," तिने उजवीकडे हात ठेवला. "छापून आलंय ना सर."

"ते चुकीचं छापलंय, बाळ. हा बघ खरा फोटो." त्यांनी पिशवीतून उल्काने दिलेला फोटो काढला. ओवीने तो दोन्ही हातांत धरून नीट बघितला. चेहरा, जीभ, वेणी, कोपऱ्यातलं दुकानाचं नाव.

"हा उल्काताईंच्या दुकानातला ना?"

"हो."

"तिथे संगणकावर काहीही करता येतं. आई म्हणाली."

"पण तुला आठवतंय ना, तू कशी वाजवत होतीस? मी फोटो काढला तेव्हा?"

ओवी गोंधळली. तिने एकदा आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "पुस्तकात काय छापलंय ते बघा, मग भांडा, असं तुम्हीच सांगता."

ते सर सांगत होतेच. बोलांवरून, मात्रांवरून मुलांची भांडणं झाली की कपाटातलं जुनं पुस्तक काढून समोर ठेवायचं, आणि पुस्तक म्हणेल ते खरं. इतकी वर्षं प्रत्येक मुलाला त्यांनी हेच शिकवलं होतं, आणि ओवी शिकवलेलं विसरणारी नव्हती.

पोर हसली तर हसेल, हसता हसता आपला हात ओळखेल, अशा आशेने त्यांनी स्वतःचा तबला उचलला आणि डावीकडे ठेवला. डग्गा उजवीकडे घेतला आणि डाव्या हाताने साधा त्रिताल धरला. जन्मभर वाजवलेली बोटं पोरासोरांसारखी अडखळली. मागची मुलं फिसकन हसली.

ओवी हसली नाही. आपला उजवा हात तबल्यावर तसाच ठेवून ती थांबली, सरांकडे काळजीने बघू लागली, आणि कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून पुढे वाकून म्हणाली,

"सर, तुम्ही उलटं मांडलंय."