साखऱ्याचा गळव्या झाला

मी भाजे गावच्या बांधावरचा आंबा बोलतोय. कलमी नव्हे, रायवळ. कुणीतरी चोखून फेकलेल्या कोयीतून उगवलो, त्यामुळे माझे आईबाप कोण ते मला विचारू नका. पण त्यांनी माझ्या बीजात जे ठेवून दिलं होतं, ते मला फार महागात पडलं. माझ्याहून जास्त एका बाईला पडलं, म्हणून आज तोंड उघडलं.

मला वाढवलं बयाबाईनं. ती तेव्हा नवी नवरी होती. उन्हाळ्यात ओढ्यावरून येताना कळशीतलं ओंजळभर पाणी माझ्या बुंध्यात ओतल्याशिवाय ती पुढे जात नसे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. उरलो मी आणि धाकटा दीर रखमाजी. मी फळायला लागलो तेव्हा बाईनं माझं नाव ठेवलं साखऱ्या. लोणावळ्याचा फकरुद्दीन बागवान माझ्या पाट्या मळवली स्टेशनात आगगाडीत चढवून नेई आणि म्हणे, "मावशी, असा आंबा अख्ख्या मावळात न्हाई." मलाही ते खरं वाटे. मी जरा फुगीरच होतो, खोटं कशाला बोलू?

माझ्यापासून दहा पावलांवर दुसरा एक आंबा उभा होता. आंबट ढाण. त्याची कैरी लोणच्याला चालायची, पिकली की गुरंसुद्धा तोंड फिरवायची. एकतीस साली रखमाजीचं लग्न ठरलं, तिकोणा पेठेच्या कस्तुराबाईशी. जेवणावळीला लाकूड हवं होतं. बयाबाईनं हात केला तो त्या शेजाऱ्याकडे. "ह्यो तोडा. माज्या साखऱ्याचं ऊन खातोय फुकट." तीन दिवसांत तो चुलाणात गेला. मला मोकळं ऊन मिळालं आणि मी खूश झालो. त्याच्यासाठी एक पानही गाळलं नाही.

पुढच्या माघात मी असा मोहरलो की पान दिसेना. फळं धरली, वाटाण्याएवढी झाली, आणि गळायला लागली. तुम्हाला वाटतं फळ वाऱ्यानं पडतं. तसं नसतं. देठाच्या सांध्याशी आतून एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो पुरा झाला की धरलेलं सुटतं. हे माझ्या मनावर नसतं. मी कितीही घट्ट धरायचं म्हटलं तरी आतून हुकूम येतो, सोड. शिमग्यापर्यंत माझ्याखाली हिरव्या मण्यांचा सडा पडला आणि फांदीवर एकही कैरी राहिली नाही.

दुसऱ्या वर्षी तेच झालं, तिसऱ्या वर्षीही तेच. गाव मला गळव्या म्हणू लागलं. बयाबाईनं शेणखत घातलं, ग्रहणात मुसळाचे ठोके दिले, बुंध्याला बिब्बा बांधला. सगळं करून थकली आणि मग माणसं करतात तेच तिनं केलं. घरात नवीन कोण आलं ते पाहिलं.

"ही आली आन् माजा साखऱ्या गळाया लागला. पांढऱ्या पायाची हाय," ती पाणवठ्यावर चार बायकांत म्हणाली. त्या दिवसापासून कस्तुराबाईला माझ्या सावलीत पाऊल टाकायची बंदी झाली. पाण्याला जाताना ती भरल्या हंड्यानं अख्ख्या शेताला वळसा घालायची. तिला तीन मुलं झाली, शेत पिकलं, म्हैस व्याली. पण दर शिमग्याला माझा सडा पडला की सगळं गाव तिच्याकडेच बघायचं. सगळे मिळून बारा मोहोर असे गेले. तेव्हा मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

चव्वेचाळीसच्या माघात रखमाजीचा धीर सुटला. "वैनी, ह्ये झाड हाय तवर माज्या बायकूच्या नावाचा डाग जायाचा न्हाई. कोळसेवाला अखितीच्या दुसऱ्या दिशी मानसं धाडतोय. मी जबान दिलीया."

"एवढा मोहोर बघू दे, भावजी. यंदा धरंल त्यो."

"आन् गळलं तर परत कस्तुराच का?"

कुऱ्हाडीचा दिवस ठरला, अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस. मला स्वतःची भीती होतीच, पण दुसरीच गोष्ट जास्त टोचत होती. मी यंदाही गळणार हे मला आतून माहीत होतं. गळून तुटलो असतो तर कस्तुराबाईच्या नावावरचा डाग कायमचा राहिला असता. तो पुसायला मी उरणार नव्हतो.

त्याच आठवड्यात महिपतराव आले. पुण्याच्या एका बागेत कामाला होते; रायवळ आंब्यांचा मोहोर किती धरतो, किती गळतो, हे गावोगाव मोजत हिंडत. माझ्या काही तुऱ्यांना त्यांनी लाल दोरे बांधले आणि बोटानं फळं मोजू लागले. बयाबाई धावली. "अवो सायेब, कवळ्या फळाला सरळ बोट दावू नगा! वाकडं करा, वाकडं!" बिचाऱ्यांनी बोट वाकडं करून मोजलं.

दहा दिवसांनी ते परत आले तेव्हा दोऱ्यांखालची बरीच फळं खाली पडली होती. त्यांनी ती एकेक उचलली, चाकूनं मधोमध कापली आणि बाईला दाखवली. आत कोयीच्या जागी सुरकुतलेला पोचट पापुद्रा होता.

"फळ धरतं, पण आत बी भरत नाही. बी नाही म्हणून झाड ते टाकून देतं," ते म्हणाले. "काही झाडांच्या बीजातच असं असतं, आईबापाकडून आलेलं. स्वतःचा पराग स्वतःच्या फुलाला चालत नाही. दुसऱ्या आंब्याचा लागतो. माश्या तो आणतात, पण जवळ झाड असलं तर."

"म्हंजी एका देवकात सोयरीक व्हईना, तसं?"

"अगदी तसंच. आजी, इथं जवळ दुसरा आंबा होता का कधी?"

बयाबाईची नजर दहा पावलांवरच्या जमिनीवर गेली. तिथं आता नाचणी व्हायची. "न्हाई," ती म्हणाली. "मला आठवत न्हाई."

तिला आठवत होतं. चेहऱ्याचा रंगच उडाला होता तिच्या.

महिपतरावांनी जाताना उपाय सांगितला. नदीपल्याडच्या आंब्यांचे मोहरलेले तुरे आणा, पाण्याच्या मडक्यांत खोचा, मडकी याच्या फांद्यांत टांगा. अजून नवी फुलं उमलताहेत तोवर रोज ताजे तुरे. "खात्री देत नाही," ते म्हणाले आणि गाडी गाठायला निघून गेले.

बाईनं दुसऱ्याच सकाळी नदीपल्याडून तुरे आणले. पण साठीला टेकलेले गुडघे झाडावर कसे चढणार? दोनदा घसरली, कोपर सोललं. रखमाजी म्हणाला, "असल्या खुळात मी न्हाई." माझ्या बुंध्याशी मडकी नुसतीच पडून राहिली आणि तुरे माना टाकू लागले.

बांधापलीकडून हंडा घेऊन कस्तुराबाई चालली होती. ती थांबली. मग हंडा खाली ठेवून म्हणाली, "थोरल्या बाई, मी चढू का?"

बयाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. "चढ," एवढंच म्हणाली.

इतक्या वर्षांनी ती माझ्या सावलीत आली. यात काय पणाला लागलंय हे ती पुरतं ओळखून होती. नुसती घरात आली म्हणून जिला बोल लावले, तिनं आता फांदीला हात लावला होता. यंदा फळ गळलं असतं तर तिच्या बाजूनं बोलायला नवऱ्यालाही तोंड उरलं नसतं. तरी ती नऊ दिवस रोज चढली. पूर्वेच्या फांदीत मडकी टांगली, सुकलेले तुरे काढले, ताजे खोचले. खाली बयाबाई मडकी पुढे करायची आणि मान वर करायची नाही.

शिमगा आला. पश्चिमेची बाजू नेहमीसारखी झडली. गाव जमलं, कुजबुज सुरू झाली. मी पूर्वेच्या फांदीत एकेका देठाशी पापुद्र्याची वाट बघत होतो. कुठं आला, कुठं आला नाही. पाडव्याला तिथं सुपारीएवढ्या कैऱ्या होत्या. अखितीच्या आदल्या दिवशी दुपारी विसापूरकडून वावटळ उठली आणि गारा पडल्या. मला मुळापासून हलवलं. कस्तुराबाई घराच्या दारात उभी होती आणि पदराचं टोक दातात धरून माझ्याकडे बघत होती.

कोळसेवाल्याची माणसं ठरल्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन आली. रखमाजी माझ्याखाली उभा राहिला आणि त्यानं पूर्वेची फांदी मोजली. एकतीस आंबे. पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

"जावा रं," तो माणसांना म्हणाला. "ह्ये झाड तोडायचं न्हाई."

तेव्हा बयाबाई सगळ्यांपुढे बोलली. "कस्तुराचा पाय पांढरा न्हवता. आंबट झाड हुतं, तवर ह्यो फळत हुता. त्ये तिच्या लग्नात मी तोडाया लावलं. समदं माज्यामुळं झालं."

कस्तुराबाई पुढे आली. "ह्ये तुमाला कवा कळलं, बाई?"

"सायेबानं फळं कापली त्या दिशी."

"म्हंजी मी झाडावर चढले, तवा तुमाला ठावं हुतं."

"व्हय."

"गळलं असतं तर सांगितलं असतं का?"

बयाबाई खाली वाकून गारांनी झडलेली पानं गोळा करू लागली. कस्तुराबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग हंडा उचलला आणि ती पाण्याला गेली.

याला आता तीन वर्षं झाली. दर माघात कस्तुराबाई येते, मडकी टांगते आणि जाते. मी फळतो. गाव मला पुन्हा साखऱ्या म्हणतं, पण मला ते नाव आता गोड लागत नाही. दोघी एका चुलीवर भाकरी भाजतात आणि कामापुरतं बोलतात. कस्तुराबाईच्या त्या प्रश्नाला बयाबाईचं उत्तर अजून यायचंय. ते येईल असं मला वाटत नाही.

वाचणाऱ्या माणसा, कधी मळवलीला उतरलास आणि वाटेत हंडा घेतलेली कस्तुराबाई भेटली, तर माझा एक निरोप दे. फळ माझ्या हातून सुटत होतं. तिच्यावर माझा एक दिवसही राग नव्हता.