शनिवारची वजाबाकी

त्या दिवसांत संगणक म्हणजे अर्धं टेबल खाऊन बसलेली घरघरणारी पेटी होती, आणि फोन भिंतीपाशी तारेला बांधलेला असायचा. ताईंच्या घरी हे दोन्ही एकाच खोलीत होते. घरातले सगळे त्या खोलीला 'दुकान' म्हणत. ताई दुकानदारांना प्रोग्रॅम लिहून द्यायच्या. औषधवाले काका, चपलांचे दुकानदार, लाकडाच्या वखारीचे मालक अशी सगळी त्यांची गिऱ्हाइकं. कुठे काही अडलं की फोन वाजायचा, आणि ताई तोंडातला घास गिळता गिळता उठायच्या.

त्या आठवड्यात मात्र फोन न वाजताही त्या उठत होत्या. खिडकीपाशी जायच्या, सरळ असलेला पडदा पुन्हा सरळ करायच्या, खुर्चीत येऊन टेकायच्या, की परत उठायच्या.

"सूनबाई, एक तर बस, नाही तर उभी राहा," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे बघून मलाच दम लागतोय."

एका मोठ्या सल्लागार कंपनीने ताईंना नोकरी देऊ केली होती. ही कंपनी कारखान्यांना आणि दवाखान्यांना संगणकाचं काम कसं करावं ते सांगायची, आणि मग ते करूनही द्यायची. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. अट एकच, स्वतःची गिऱ्हाइकं सोडायची. एकही ठेवायचं नाही.

एरवी ताईंनी असलं बोलणं उडवून लावलं असतं. पण गेल्या थंडीत त्या तापाने फणफणल्या होत्या आणि नेमकं तेव्हाच वखारीतलं बिल निघेना. शाल पांघरून त्या गेल्या, बिल काढून दिलं आणि परत येताना स्वतःच्या घराच्या जिन्यात मटकन बसल्या. आपल्या जागी पाठवायला जगात दुसरं कोणी नाही, हे त्या जिन्यात त्यांना पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता.

"तुला काय हवंय ते एकदा ठरव," नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घाई त्याला ठाऊक नव्हती.

"अहो, ते कळलं असतं तर ठरवायला काय उरलं असतं?"

"मग जाऊन तर बघ. नवी जागा नकाशात बघून कळत नाही."

कंपनीनेही तेच सुचवलं होतं. एक दिवस आमच्या माणसांबरोबर या, काम बघा. गुरुवारी ताई गेल्या. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा एक मोठा कारखाना होता. रोजच्या हिशोबात चादरी कमी भरत होत्या, आणि मालकाचा आपल्याच कामगारांवर संशय बसला होता. कंपनीची मंडळी वरच्या खोलीत मालकाला रंगीत तक्ते दाखवणार होती. ताईंची सवय वेगळी. नव्या गिऱ्हाइकाकडे गेलं की आधी जिथे माल येतो तिथे जाऊन बसायचं. तशा त्या वाफेने भरलेल्या खालच्या मजल्यावर जाऊन बसल्या, कामगारांशी गप्पा मारल्या, आणि वर आल्या तेव्हा त्यांचे हात शिवशिवत होते.

"चोरी कोणी करत नाही," त्या मालकाला म्हणाल्या. "चादरी येतात संध्याकाळी, धुऊन जातात पहाटे. तुमचा संगणक मध्येच रात्री बाराला दिवसाचा हिशोब मिटवतो. मग आलेल्या एका तारखेत आणि गेलेल्या दुसऱ्या तारखेत. दिवस सकाळी सहाला मिटवा."

आणि बोलता बोलता त्यांनी खुर्ची ओढली आणि ते करूनही टाकलं. मालकाचा जीव भांड्यात पडला. त्याने सगळ्यांना चहा मागवला. कंपनीच्या लोकांनी तो औषधासारखा प्यायला.

परतताना गाडीत ताईंशेजारी कंपनीचे साहेब बसले होते. ते म्हणाले, "ताई, नजर तुमची तीक्ष्ण आहे. पण आमच्याकडे गिऱ्हाइकाला सांगण्याआधी आपसात सांगतात. चौघं बघतात, मग हात लावतात."

"एवढ्याशा कामाला चौघं?" ताई म्हणाल्या, आणि घरी येऊन नवऱ्यापाशी साहेबांची यथेच्छ टिंगल केली. त्या रात्री त्या सुखाने झोपल्या. नोकरीचा प्रश्न मिटला असंच त्यांना वाटलं.

शुक्रवारी सकाळी कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. जाड भिंगाचा चष्मा लावून काल कोपऱ्यात बसलेली.

"ताई, तुमचं चुकलं," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"धुतलेल्या चादरींच्या गाड्या पहाटे पाचला निघतात. सहापर्यंत जुनाच दिवस चालू राहिला, तेव्हा सगळ्या पावत्यांवर कालची तारीख पडली. दवाखान्याने गाड्या फाटकातून परत पाठवल्या. आता पावतीची तारीख वेगळी केलीय मी, गाड्या गेल्या पुन्हा. बाकी तुमचं बरोबर होतं. एवढंच चुकलं."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली, जणू बाहेर ऊन पडलंय असं सांगत होती. ताईंनी फोन ठेवला. पहाटेच्या गाड्यांच्या पावतीवर कोणती तारीख पडेल हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांच्या दुकानदारांकडे पहाटे काही हलतच नसे. पण खुपत होतं ते दुसरंच. 'तुमचं चुकलं' हे शब्द इतक्या वर्षांत कोणी त्यांच्यासमोर उच्चारले नव्हते. कालपर्यंत याचा त्यांना अभिमान होता.

दिवसभर त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्या औषधवाल्या काकांकडे गेल्या. काका त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, पहिला प्रोग्रॅम त्यांच्याचसाठी लिहिलेला. काका खोकल्याच्या बाटल्या मांडत होते.

"काका, खरं सांगा. माझ्या कामात कधी काही चुकलंय?"

"छे. तुमच्यासारखं काम कोण करणार?"

"काका."

काकांनी एक बाटली उगाचच पुसली. "तसं काही नाही हो. एखाद्याने औषध परत आणलं ना, तर ते साठ्यात दोनदा धरतं तुमचं यंत्र. एवढंच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच की. आम्ही दर शनिवारी हाताने वजा करून टाकतो. आता आमच्या हिच्याही अंगवळणी पडलंय. शनिवार आला की म्हणते, चला, ताईंची वजाबाकी करू."

"आणि मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही एवढ्या धावत येता. त्या थंडीत वखारवाल्याकडे तापात गेलात म्हणे. तुम्हाला कशाला आणखी त्रास द्यायचा?" काका ओशाळून हसले. "आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ताई स्टुलावर बसल्या. त्यांना काकांचा राग आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच. चपलांच्या दुकानात अशी कसली वजाबाकी चालत असेल, वखारीत कसली? सगळ्यांनी मायेने चुका पोटात घातल्या होत्या, आणि ताई मात्र आपण एकट्याने सगळं पेलतोय म्हणून ताठ मानेने हिंडत होत्या.

"काका, मी नोकरी धरतेय," त्या म्हणाल्या. हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काकांनी हातातली बाटली फळीवर ठेवली. मग म्हणाले, "माझ्यामुळे?"

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून. तिथे सांगणारे आहेत."

"चुका काढतील तुमच्या?"

"काढतील. चारचौघांत काढतील."

"आणि तुम्हाला ते आवडेल?"

"अजिबात आवडणार नाही," ताई म्हणाल्या, आणि स्टूल संगणकाजवळ ओढलं. "सरका जरा. जायच्या आधी ही तुमची दोनदाची भानगड निस्तरते. आणि काकूंना बोलवा. मी करताना माझ्या खांद्यावरून बघायला कोणीतरी हवंय."