तरोट्याचा मेळावा

लातूर जिल्हा नवा झाला, पाऊस मात्र जुनाच राहिला, दगाबाज. मृगात दोन सरी टाकून जो तोंड लपवून बसला, तो बसलाच. अहमदपूरजवळच्या त्या गावात हिरवं म्हणून उरलं ते हणमंतरावाच्या विहिरीखालच्या बांधावर, आणि तेही काय, तर तरोटा, टाकळ्याचं तण!

पण हणमंतराव लातूरच्या कुठल्याशा बैठकीला जाऊन आला आणि त्याला एकाएकी साक्षात्कार झाला, की तरोटा म्हणजे अमृत. खरजेवर औषध, वातावर औषध, पूर्वजांचा ठेवा! गावात रानभाज्यांचा मेळावा ठरला, लातूरहून साहेब येणार असं ठरलं. आता तरोट्यावर दिवस काढलेलं एखादं माणूस मंचावर हवं. हणमंतरावाच्या सात पिढ्यांत तसं कुणी नव्हतं. म्हणून स्वारी बौद्धवाड्यात केवळाबाईच्या दारी आली.

"केवळाबाई," तो म्हणाला. इतकी वर्षं 'केवळे' म्हणणाऱ्याला आज 'बाई' सुचली, तेव्हाच ती सावध झाली. "सायबापुढं एवढंच सांगायचं, बहात्तरच्या दुष्काळात मालकाच्या बांधावरच्या भाजीनं आमची लेकरं जगली. मग यंदा त्या बांधावर तुमी खुशाल खुडा. कुणी अडवणार न्हाई."

घरात नातवंडांच्या भाकरीला मिठाशिवाय कालवण नव्हतं. सून आशेनं बघत होती. केवळाबाई "हाव" म्हणाली, पण बहात्तर साल काही तिच्या घशाखाली उतरेना. त्याच बांधावर खुडलेल्या भाजीची पाटी याच माणसानं तिच्याकडून हिसकून बैलांपुढं ओतली होती. "माझ्या बैलांना लागती," म्हणाला होता. तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! तिची लेक त्या दिवशी नुसतं पाणी पिऊन झोपली.

मेळाव्यात मालकिणीनं, तारामतीबाईनं, भाजीत एवढं तेल आणि शेंगदाण्याचं कूट ओतलं, की बिचारा तरोटा शोधावा लागे. साहेब मिटक्या मारत होते. हणमंतराव तर असा फुलला होता, जणू तरोट्याला त्यानंच जन्म दिला. केवळाबाईला सगळ्यांची किळस आली. तिच्या भुकेचं खाणं यांना चोचले म्हणून पाहिजे होतं, आणि वर तिच्याच तोंडून शाबासकीही.

माईक तिच्या हाती आला.

"बहात्तरला ह्याच बांधाची भाजी म्या खुडली," ती म्हणाली. हणमंतरावानं मान डोलावली. "मालकानं पाटी हिसकली अन् बैलापुढं वतली. माझं लेकरू उपाशी झोपलं. बैलानं हुंगलं अन् तोंड फिरवलं. तीच भाजी आज सायब खाऊन राहिले. खा, खा. बैलाला अक्कल नव्हती."

साहेबांचा घास हातातच राहिला. हणमंतराव खाली बघू लागला.

मंडपाबाहेर सून रडवेली झाली. "आत्या, आता बांध गेला की वो."

"जाऊ दे. बांध त्याचा हाय, तोंड माझं हाय."

सुनेनं रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि दोघी रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामाकडे निघाल्या.