काटेवाल्याचा कॅमेरा

कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला आणि लगेच विझला. पडद्यावरची चौकट काळीच राहिली. काटेवाला खुर्चीवरून उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला आणि रस्त्याकडे न बघताच परत येऊन बसला.

"किती येरझाऱ्या घालाल?" गल्ल्यामागून बायको म्हणाली. "त्याने कॅमेरा घाबरणार आहे होय?"

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, म्हणून सगळा बाजार त्याला काटेवालाच म्हणे. दुकानातला कॉम्प्युटर एका शाळेने मोडीत काढलेला होता. त्यावर फुकट मिळणारी, कुणीही उघडून बदलावी अशी प्रणाली होती. काटा उघडता येतो तशी ती उघडता येते, म्हणून ती त्याला आवडे. कॅमेरा मात्र जुन्या बाजारातला, आणि त्याच्या कंपनीला या प्रणालीशी काही देणंघेणं नव्हतं. कुठल्याशा देशातल्या एका अनोळखी माणसाने फावल्या वेळात ड्रायव्हर लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कॅमेऱ्याचं बोलणं कॉम्प्युटरला समजावणारा हा दुभाष्या. सकाळपासून तो तोंड उघडत नव्हता.

फोन खणखणला. दूरच्या शहरातून, दवाखान्यातून भाची बोलत होती.

"मामा, झालं का? डॉक्टर सही मागतायत. दुपारी आत नेणार आईला."

"तू सांगितलंस का तिला?"

"काय सांगू? मला 'जेव', 'झोप', 'चल' एवढंच येतं. डोळ्याकडे बोट केलं की ती हसते. तिला वाटतंय, चष्मा बदलायला आणलंय."

ताई जन्मापासून बहिरी. शाळेत कुणी घातलंच नाही. लहानपणी दोघा भावंडांनी मिळून हातांची एक भाषा बनवली होती आणि ती पुरती येणारी माणसं जगात दोनच होती. आता ताईची नजर मंदावत चालली होती. शस्त्रक्रियेने ती सुधारेल, किंवा उरलीसुरलीही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तारीख अचानक मिळाली. गाडीने निघाला असता तर काटेवाला उद्या पोचला असता. फोनमध्ये कॅमेरे यायचे होते अजून. भाचीने ऑफिसातून लॅपटॉप आणला होता. तिकडचा कॅमेरा बिनबोभाट चालत होता, अडलं होतं ते इकडे.

त्याने कॅमेरा उलटा करून तळाचा छाप पुन्हा वाचला. याच नावाचा ड्रायव्हर त्याने पुन्हा पुन्हा बांधून चढवला होता. "छाप तर बरोबर आहे," तो पुटपुटला.

"छापाचं काय घेऊन बसलात!" बायको म्हणाली. "परवाच्या त्या वजनावर पाच किलोचा छाप होता ना? आतून पोकळ निघालं. तुम्हीच पकडलंत."

तो थबकला. मग छाप बाजूला ठेवून कॉम्प्युटरलाच विचारलं, की हा कॅमेरा स्वतःचा नंबर काय सांगतो? नंबर वेगळाच आला. खोकं तेच, आतली चिप दुसरी. ड्रायव्हरच्या यादीत तो नंबर नव्हता, पण त्याचा सख्खा शेजारी होता, आणि तिथे त्या अनोळखी माणसाने लिहून ठेवलं होतं : या जातीचे आणखी कॅमेरे असतील, माझ्याकडे नाहीत. ज्याच्याकडे असेल त्याने भर घालावी. काटेवाल्याने वरची ओळ तशीच खाली उतरवली, नंबर बदलला, ड्रायव्हर नव्याने बांधला.

दिवा लागला. लागूनच राहिला.

चित्र हिरवट होतं आणि अडखळत येत होतं. हात हलला की पडद्यावर तो नुसता धूर व्हायचा. समोर ताई दिसली. नाक पडद्याला टेकवून ती बघत होती. तिने हात उचलले.

'हिरवा झालायस. आजारी?'

तो हसला. मग सांगायला लागला. प्रत्येक खूण चित्र स्थिरावेपर्यंत धरून ठेवावी लागत होती. एरवी अवघड शब्द तो झटकन उरकून पुढे गेला असता. डोळा. सुरी. नंतर उजेड. किंवा – आणि त्याने दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. ठेवूनच बसला. तेवढा वेळ ताईचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

हात काढले तेव्हा तिचे हात वर होते.

'मग तू बोलशील कसा?'

त्याने आपल्या तळहातावर बोटं फिरवून दाखवली. लहानपणी दिवे गेले की दोघं असंच बोलत.

ताईने लेकीकडे बोट केलं. 'हिला येतं?'

त्याने मान हलवली. नाही.

'मग मीही नाही. आधी ही शिकेल. मग डोळा.'

"काय म्हणाली?" खांद्याने कानाशी दाबून धरलेल्या फोनमधून भाचीने विचारलं. "मामा, डॉक्टर उभे आहेत. हो म्हणाली ना?"

तिथे कुणाला कळणार होतं? त्याने 'हो' म्हटलं असतं, तर तेच ताईचं उत्तर ठरलं असतं. बायको गल्ल्यावरून त्याच्याकडे बघत होती. तो उठला, फोनची वायर ताणली गेली, परत बसला.

"नाही म्हणाली."

"तुम्ही नीट सांगितलं नसेल!"

"सगळं सांगितलं गं."

"अहो, तारीख गेली तर परत कधी मिळेल? तोवर आहे ती नजरपण जाईल!"

"जाईल कदाचित. तिला ते कळलंय. आज नाही, म्हणून सांग त्यांना. आणि फोन ठेवून तिच्याजवळ बस, मला दिसशील अशी."

भाचीचा रडवेला चेहरा चौकटीत आला. काटेवाल्याने तळहात पुढे केला आणि त्यावरून दोन बोटं मनगटाकडे ओढली. मग पेला तोंडाला लावल्यासारखं केलं. पाणी. पुन्हा दाखवलं, चित्र पोचेपर्यंत थांबत.

भाचीने आईचा हात हातात घेतला. ताईने डोळे मिटले. पडद्यावर तिच्या लेकीची बोटं तुटत तुटत तळहातावरून उतरली.

ताईने मान हलवली. जमलं नाही. डोळे न उघडता तिने तळहात पुन्हा पुढे केला.