दोन बोटांचा उतार

सकाळी सव्वाआठला सायकलच्या दुकानावर नवी पाटी चढली आणि अक्षरं उताराला लागल्याचं रस्त्यावरून दिसलं. आठ फुटांत दोन बोटांचा उतार होता.

"पेंटर, शेवटचं अक्षर गटारात उतरणार का?" दुकानदार म्हणाला.

"सायकलचंच दुकान आहे. उतार चालतो," शेजारचा शिंपी म्हणाला.

पेंटर हसला नाही. "माझी चूक. परवा पुन्हा लिहून देतो."

चूक त्याची नव्हती, हे मागे उभ्या असलेल्या त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला माहीत होतं. ओळ आखायला दोघं लागतात. खडूत माखलेलं सूत दोन टोकांना ताणून धरायचं, मधे चिमटीत उचलून सोडायचं, की सरळ रेघ उमटते. तिच्या हातातलं टोक खाली घसरलं होतं. तेव्हा समोर दुकानदाराचा मुलगा फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, आणि ती काही बुडबुडे बघत नव्हती.

पेंटर सहा वर्षांपूर्वी घर सोडून या गावात आला होता. आईला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं, म्हणून चार ओळींचं पत्र धाडून तिने मुलीला सुट्टीत त्याच्याकडे पाठवलं. पहिले तीन आठवडे किल्ली, जेवण आणि पंखा एवढ्यावरच बोलणं झालं. त्याला काय म्हणून हाक मारायची, हे तिचं ठरत नव्हतं. काम असलं की ती जवळ जाऊन उभी राहायची.

दुपारी दुकान अर्धं मिटलं की ती सायकलवाल्याच्या मुलाकडे पंक्चर काढायला शिकायची. एका ठिगळाला तास लागायचा.

"पेंटरकाका घरी तरी बोलतात का?" त्याने एकदा विचारलं.

"तुझ्याशी बोलतात त्याहून कमीच."

"माझ्याशी कुठे बोलतात? नुसते बघतात. हल्ली जरा जास्तच."

पाटी चुकली त्या संध्याकाळी बापलेक ती घासायला बसले. पॉलिशपेपरखाली अक्षरं पुसट होत गेली.

"सूत घसरलेलं तुम्हाला दिसलं होतं ना?" तिने विचारलं.

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर निघून गेली असतीस. पाटी काय, पुन्हा लिहिता येते."

ती घासायची थांबली. "आम्ही तर ओरडलोही नव्हतो. तरी तुम्ही गेलात."

तो बराच वेळ एकाच जागी घासत राहिला. तिथला पत्रा उघडा पडला.

"हो," तो म्हणाला. "गेलो."

ती उठली नाही. अंधार पडेपर्यंत पाटी कोरी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओळ आखताना ती म्हणाली, "बाबा, तुमचं टोक वर आहे." त्याने निमूटपणे खाली घेतलं.

आईचा फोन रविवारी सायकलच्या दुकानात आला. प्रशिक्षण संपलं होतं.

"आई, अजून आठ दिवस राहू?"

"कोणासाठी?"

सायकलवाल्याचा मुलगा चाकाच्या तारा आवळत होता. बाबा दारात उभे होते.

"त्यांना दे फोन," आई म्हणाली.

सहा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बाबांनी दोन्ही हात फडक्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि रिसीव्हर घेतला. मुलं बाहेर जाऊन उभी राहिली. दुकानातल्या घड्याळाप्रमाणे ते बोलणं अकरा मिनिटं चाललं. बाहेर येऊन बाबा एवढंच म्हणाले, "राहा."

ती आठ दिवस राहिली. सायकलवाल्याच्या मुलाबरोबर रोज संध्याकाळी कालव्यापर्यंत जाऊन आली. पुढे त्याची दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. बाबांकडे मात्र ती दर उन्हाळ्यात जात राहिली, शेवटच्या आजारपणापर्यंत. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. फोनवर काय बोलणं झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात तिने आईला पुन्हा विचारलं.

"इतकं जुनं कुठलं लक्षात राहतंय," आई म्हणाली आणि स्वच्छ असलेला चष्मा पदराने पुसत बसली.